टोरीचं तेल

हायड्रॉलिक लिफ्ट दुरुस्त करत गावोगाव फिरायचं, ही माझी नोकरी. तिनं मला एवढं शिकवलं होतं की "आपोआप बिघडली" म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असतो. त्यामुळे गोंदियाहून छोट्या गाडीनं बालाघाटला उतरलो तेव्हा संशय माझ्याकडे तयारच होता, फक्त माणूस मिळायचा होता.

तो सेठनं स्टेशनवरच दिला. भरवेलीच्या खाणीतलं मँगनीज वाहणारे त्याचे ट्रक होते आणि ते दुरुस्तीला उचलायला त्यानं त्याच वर्षी लिफ्ट बसवली होती. थंडी पडल्यापासून ती सकाळी जागची हलत नव्हती. दुपारी मात्र निमूटपणे ट्रक उचलायची.

"आमचा मिस्त्रीच काही करून राह्यला, साहेब, सकाळचं काम टाळाले," सेठ म्हणाला. "तुम्ही फक्त हौ म्हना, आजच काढतो त्याले."

मिस्त्री विचारलं तेवढंच सांगायचा, वर एक शब्द नाही. असली माणसं मला पहिल्यापासून खटकतात. टाकीचं झाकण उघडलं, तर तेलावर तुपासारखा पांढरट थर आणि जाळी त्यानं पार बुजलेली. बोटावर घेऊन वास घेतला. टोरीचं तेल. मोहाच्या बियांचं हे तेल थंडीत थिजतं आणि ऊन तापलं की पातळ होतं. लिफ्टचं दुखणं कळलं, पण तेल ओतलं कुणी?

दुपारी मिस्त्रीनं डबा उघडला आणि भाजीला तोच वास आला. सापडलास बेट्या, मी मनात म्हणालो.

"मिस्त्री, टाकीत हे तेल कधी ओतलं?"

"मी नाही ओतलं, साहेब. इथं घरोघरी हेच तेल खातेत."

"पूजेले तरी होता काय हा?" सेठ मागून ओरडला. "मशीनचा पहिला दसरा, अन् हा गायब! तवाच मले शंका आलती."

"नागपूरले गेलतो, दीक्षाभूमीवर," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "दरसाल जातो. तुम्हाले सांगूनच गेलतो."

पूजा म्हटल्यावर मी झाकण पुन्हा हातात घेतलं. आतल्या आट्यांत कुंकू होतं. कुंकू लोक बाहेरून लावतात; झाकण उघडल्याशिवाय ते आत जाणार कसं?

"पूजेच्या वेळी हे कुणी उघडलं होतं?"

सेठ जरा चाचरला. "मीच. दिव्याचं तेल उरलतं डबाभर, ते मशीनच्या मुखात वाहलं. देवाचंच तेल होतं ना, साहेब. त्यानं काय बिघडते?"

माझं डोकंच फिरलं. "त्या तेलापायी तुम्ही या माणसाची भाकरी काढून घेत होता!" मी सगळ्यांसमोर म्हणालो.

टाकी धुतली, जाळी बदलली, नवं तेल भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात लिफ्टनं भरलेला ट्रक उचलला. माझ्या सांगण्यावरून झाकणाला कुलूप बसवलं. सेठला बहुधा झाल्या गोष्टीची भरपाई करायची होती. त्यानं चावी मिस्त्रीपुढे धरली.

"घे. आजपासून तुह्याजवळच."

मिस्त्रीनं हात पुढे केला नाही. तो बोलला सेठशी, पण पाहत होता माझ्याकडे.

"तुमच्याजवळच राहू द्या, सेठ. उद्या पुन्हा बिघडली तं निदान माह्या डब्याचा वास तरी कोनी घेनार नाही."