नदीला जागा सोडणाऱ्या रत्नमालाताई

दिग्रसच्या बाहेर, नदीकाठच्या सरकीच्या तेलाच्या गिरणीत मी प्रयोगशाळेत रुजू झाले, त्या पहिल्याच दुपारी रत्नमालाताईंची ओळख झाली. गिरणीच्या बांधकामाची सारी जबाबदारी त्या अभियंत्या म्हणून सांभाळत. कार्यालयात बायका आम्ही दोघीच. मी अवघडून उभी असलेली पाहून त्यांनी काही न विचारता आपल्या क्वार्टरची चावी माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "इथं बाथरूमची सोय नाही. माह्या घरी जात जा. आईले गुडघ्यांमुळे उठवत नाही, तूच दार उघडत जा."

ते क्वार्टर अगदी नदीच्या बाजूला होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये गिरणीतले फिटर आणि त्यांच्या पत्नी शोभावहिनी राहत. ताईंनी लग्न केले नव्हते. घरात त्या आणि आई. पुढे आई वारल्या. नातेवाईक आले, परत गेले. ताई दुसऱ्या आठवड्यात कामावर हजर झाल्या. दुपारचा डबा मात्र तेव्हापासून त्या एकट्याच खाऊ लागल्या. मी बोलावले की म्हणत, "तू खा. मले आज भूक नाही."

त्याच पावसाळ्यात नदीला पूर आला आणि गिरणीची संरक्षक भिंत कोसळली. मागची माती वाहून गेली, तेलाच्या टाक्यांपर्यंत काठ खचला. हंगाम तोंडावर होता. मालकांना तीच भिंत त्याच जागी, लवकरात लवकर उभी करून हवी होती. ताईंनी आधी पायाशी खड्डे घेतले. नदीने पायाखालची माती केव्हाच ओढून नेली होती, आणि भिंतीमागे मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. नवी भिंत मागे, कठीण मुरुमावर घ्यावी लागेल, असे त्यांनी मालकांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुन्याची रेघ आखली. रेघ टाक्यांच्या पुढून निघाली आणि दोन्ही क्वार्टरांच्या मधल्या खोल्यांमधून गेली. चुना टाकणारे मिस्त्री थबकले. "ताई, हे त तुमचं घर होय ना?"

"होय. टाक पुढं."

मालक चांगले गृहस्थ होते. त्यांनाही वाईट वाटले. "मॅडम, क्वार्टरपाशी भिंत जराशी वळवून घ्या ना," ते म्हणाले.

ताई म्हणाल्या, "वळण दिलं की पाण्याचा सगळा मार तिथंच बसेल, साहेब. पहिले ते घर जाईल, मग टाक्या. घरात माणसं झोपलेली असतील."

शोभावहिनींना हे पटले नाही. त्यांची मुले त्या अंगणात वाढली होती. त्या सर्वांसमोर म्हणाल्या, "तुम्हाले कोणी मागं-पुढं नाही, म्हणून तुम्हाले सोपं जाते. आमचा संसार हाये." ताईंनी गावात फिरून त्या कुटुंबासाठी दोन खोल्या शोधल्या, स्वतः उभे राहून सामान हलवून दिले, आणि त्यानंतर आपले घर रिकामे केले. वहिनींनी त्यांच्याशी बोलणे सोडले. हळदीकुंकवाला बोलावणेही बंद झाले.

क्वार्टर पाडले त्या दिवशी मी त्यांच्याजवळ उभी होते. आईंच्या खोलीची भिंत पडली तेव्हा धूळ बराच वेळ खाली बसेना. "नदीले कसं सांगू, इथं माही आई राहत होती म्हणून?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि दगड उतरवून घ्यायला गेल्या.

काम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळाभर चालले. रुंद पायाची दगडी भिंत, मागे खडीचा भराव, पाणी निघायला ठिकठिकाणी पाइप. एक थर मिस्त्रींनी घाईने रचला होता, तो ताईंनी उकलून पुन्हा रचायला लावला. पण आवाज चढवला नाही, त्यांच्या बरोबरीने उन्हात बसून राहिल्या. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जात. ताई गावातल्या भाड्याच्या खोलीवर जाण्याआधी भिंतीवर थोडा वेळ बसत. तिथे कोणी त्यांना हाक मारत नसे.

पुढच्या पावसाळ्यात पाणी जुन्या क्वार्टरांच्या जोत्यावरून वाहिले. भिंत जागची हलली नाही. फिटर त्या दिवशी छत्री न घेता ताईंना शोधत आले. "मॅडम, आम्ही तिथंच असतो त..." ताई म्हणाल्या, "पोरं बरी हायेत ना?" शोभावहिनी मात्र आल्या नाहीत. ताईंनी त्याबद्दल कधी कडू शब्द काढला नाही; बाजारात वहिनी दिसल्या की ताईच आधी विचारपूस करत, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जात.

आज ताई साठ वर्षांच्या झाल्या. त्या काठावर माणसे निर्धास्त काम करतात; नव्या लोकांना तिथे कधी घरे होती हेही ठाऊक नाही. ताई अजून त्याच भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांना उत्तम प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभावे, ही आम्हा साऱ्यांची मनापासूनची इच्छा आहे. आणि त्या आयुष्यातल्या संध्याकाळी त्यांचे दार कोणीतरी वाजवत राहावे. या रविवारी मी जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी सोबत यावे.