वाकडं बोट आणि हळदीकुंकू

सकाळी जाग आली की माझी चार बोटं निमूटपणे उघडतात. उजव्या हाताची अनामिका मात्र तळहातात मुटकुळं करून पडून असते. डाव्या हाताने उचकटलं की टक्क आवाज करून उघडते, आणि कळ पार मनगटापर्यंत जाते. कणीक मळताना, कपड्यांना चिमटे लावताना तिचा हाच चावटपणा. आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या भाजीवाल्याला थैली दिली, तर बोट बंदात अडकलं ते सुटेचना. तो म्हणाला, "आंटी, थैली छोडो तो भाजी डालूं!"

डॉक्टरांनी सांगितलं, ट्रिगर फिंगर. शीर सुजलीय, इंजेक्शन घ्या. घरी नवरा म्हणाला, "ट्रिगर? मग परवाना काढावा लागेल." सुईला मी जाम घाबरते. संक्रांतीचं हळदीकुंकू होऊ दे, मग बघू, म्हणून मी टाळलं.

आणि तिथेच फसले. कुंकू लावायचं ते अनामिकेनेच. समोरच्या गुजराती शेजारणीच्या कपाळावर बोट टेकवलं आणि नेमकं तेव्हाच ते टक्क करून सुटलं. कुंकू भुवयांमधून थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत! "अरे भाभी, होली को अभी टाइम है!" ती म्हणाली. पुढची बाई डोळे गच्च मिटूनच बसली. डाव्या हाताने लावायची सोय नाही, आणि दारात तर चपलांचा ढीग वाढतोय. मला रडू यायचं बाकी होतं.

सासूबाई आतल्या खोलीत तिळगूळ पुड्यांत भरत होत्या. सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाला त्या बाहेर येत नाहीत. आम्हीही कधी बोलावलं नव्हतं. मी करंडा त्यांच्यापुढे धरला.

"अगं, मी कशी लावू?"

"तुमचं बोट सरळ आहे म्हणून."

त्या आल्या. पहिल्या कपाळाला बोट जपून टेकवलं, मग मात्र हात झरझर चालला. एकीमागून एक कपाळ पुढे येत गेलं. शेजारच्या गोडदेव गावातल्या मावशींची पाळी आली, तर कुंकू लावून घेतल्यावर त्यांनी सासूबाईंचाच हात धरला. "तुमाला कुनी लावलाच न्हाय? बसा, मी हाय ना!" सासूबाई नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या कपाळावर कुंकू टेकलं होतं. इतकी वर्षं हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून इंजेक्शनला निघाले. चपला घालत होते, तेवढ्यात सासूबाई दाराशी आल्या.

"एका सुईने बोट अगदी बरं होतं का गं?"

"होतं म्हणे."

"बरं झालं हो," त्या म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षी तूच लावणार?"


"छे," मी म्हटलं. "तुम्हीच."