सेथ ॲल्डरसनचा उजवा हात

हिवाळ्यात सेथ ॲल्डरसनचा उजवा हात थरथरायला लागला आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. सेथ माझा शेजारी, सत्तरी ओलांडलेला. बिळात फेरेट, म्हणजे मुंगसासारखं पाळीव जनावर, सोडून ससे धरणारे आमच्या खोऱ्यात पुष्कळ आहेत. पण मारताना सशाचा आवाजही निघू न देणारा हा एकटाच. "ओरडला तर चूक आपली," तो म्हणायचा. "ज्या दिवशी माझ्या हातात ओरडेल, त्या दिवशी शिकार बंद."

त्या दिवशी निघताना त्याची बायको डोरीन दारातच मला हळू म्हणाली, "लक्ष ठेव रे. काल चहाचा कप पाडलाय. सांगून ऐकेल तर तो सेथ कसला!"

"ऐकू आलं मला," आतून सेथ. "कप ओरडला नव्हता."

मी हसलो आणि जाळ्या खांद्यावर टाकल्या.

दगडी कुंपणाखालच्या बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावल्या आणि फेरेट आत सोडली. जरा वेळाने जमिनीखाली धडधड झाली आणि ससा जाळीत आला. सेथने डाव्या हाताने मागचे पाय धरले, उजव्याने मानेमागे पकडलं, खाली खेचलं आणि डोकं मागे वाकवलं. संपलं. डोळ्याला बोट लावून पापणी हलत नाही हे पाहिलं. पोटावरून अंगठा दाबत नेऊन मूत्र काढलं, नाहीतर मांसाला वास लागतो. मग रोग नाही ना हे बघायला पोट चिरून कलेजी उजेडात धरली.

"एक पांढरा ठिपका नाही. डोरीनला सांग, कप विसर म्हणावं."

सुरी मात्र त्याने दोन्ही हातांनी धरली होती. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुसरा ससा दांडगा निघाला. सेथने खेचलं आणि बोटं घसरली. ससा तान्ह्या पोरासारखा किंचाळला. सेथने पुन्हा पकडलं, पुन्हा सुटलं.

"घे! अरे घे ना लवकर!"

मी हिसकावून घेतला आणि जीव खाऊन खेचला. सेथ पाठ फिरवून उभा होता.

"मेला?"

"मेला."

"डोळा बघितलास?"

"बघितला. नाही हलला." मी पुढे म्हणालो, "केवढा होता! कुणाच्याही हातून सुटला असता."

"गप रे. मूत्र काढ आधी."

मग तो गुडघ्यांवर बसून जाळ्यांच्या खुंट्या उपटायला लागला. फेरेट अजून बिळातच होती. ती आत असताना जाळ्या काढायच्या नसतात, हे इथल्या शाळकरी पोरांनाही कळतं.

तेवढ्यात उघड्या पडलेल्या तोंडातून तिसरा ससा सुसाट निघाला आणि कुंपणापलीकडे दिसेनासा झाला. जन्मभर ससे धरलेल्या त्या माणसाने श्वास सोडला.

"गेला बाबा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आणि मला रडू आवरेना.