बापाच्या अंगावरचे दगड

गवत विकणाऱ्या मावशीचं आधी सांगते, कारण ती नसती तर हिंगोलीत माझ्या बापाला पाठ टेकायलाही जागा मिळाली नसती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातवीतून शाळा सोडून मी बापासोबत सोलापूरकडून इकडे आले. तो विहिरी खोदायचा, मी भाकऱ्या करायची. एका उन्हाळ्यात तो तापाने गेला. आमच्यात पुरतात. पण इथे ज्या त्या जातीची पुरायची जागा वेगळी, परक्याला कोण देणार? झोपडीपुढे मी नुसती बसून होते. रस्त्याने जाणाऱ्या मावशीने डोक्यावरचा भारा खाली टाकला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऊठ पोरी. गोऱ्यायच्या कबरस्तानात जागा हाय. मी तिथलंच गवत कापते. राखणदाराला सांगते मी."

इंग्रजांच्या छावणीच्या काळातलं ते कबरस्तान. मधोमध गोऱ्या शिपायांच्या कबरी. रस्त्याकडच्या कोपऱ्यात त्या काळी फासावर दिलेले दरोडेखोर पुरलेत, असं लोक सांगतात. त्यांच्यावर नाव नाही, नुसते दगडांचे ढीग. आम्हाला जागा मिळाली ती त्याच कोपऱ्यात.

बापाच्या सोबत्यांनी खड्डा खणला आणि ते गावाकडे निघून गेले. मी वसमतला हळदीच्या कामाला लागले. जायच्या आधी ओल्या मातीवर दगड रचले. आमच्याकडची तशी रीतच आहे, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. नीट एकावर एक बसवले, बाप विहिरीचं कडं बांधायचा तसे.

पावसाळा सरल्यावर एसटीने आले, तर ढीग गुडघ्याएवढा झालेला. मला बरं वाटलं. परक्या गावात कुणीतरी त्याची काळजी घेतंय. मावशी गवत कापत होती. तिला विचारलं, "मावशी, हे दगड तुमी टाकले का?"

तिचा विळा थांबला. "पहिले तू रचले व्हते व्हय? काहून रचले गं? मला तरी इचारायचं."

मग तिने सांगितलं. बाजार करून परतणारे लोक दरोडेखोरांवर एकेक दगड टाकतात आणि म्हणतात, इथंच ऱ्हा, मागं येऊ नको. मग पिशवीतलं सामान धड घरी पोचतं. इथे दगड ज्याच्यावर, तो चोर.

तेवढ्यात जीपची वाट बघणारा एक म्हातारा आत आला. त्याने दगड उचलला.

"ओ दादा, तो चोर न्हाई," मावशी म्हणाली. "विहिरी खांदणारा माणूस हाय. चोर तिकडं हायत, त्यायला मारा."

"असू दे की बाई. एखादा जास्तीचा गेला तर काय बिघडलं?" म्हाताऱ्याने दगड टाकला. "मागं येऊ नको बाबा."

माझ्यादेखत. माझ्या बापाला.

दगड काढले तरी पुढच्या बाजाराला पुन्हा पडायचे. मी वसमतला, सुट्टी मागायचीही धास्ती. ते काम मावशीनेच उचललं. भारा बांधून झाला की वरचे दगड उतरवून ठेवायची. कुणी हसलं तर म्हणायची, "भाऊ हाय माझा. तुमच्या बापाचं काय जाऊन राहिलं?"

अशी बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटल्यावर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडला आणि तिचं गवत सुटलं. मागच्या खेपेला तिचा हात धरून मी तिला तिथे नेलं. कोपऱ्यात आता एकच मोठा ढीग आहे. चोर कुठले आणि बाप कुठला, काही उरलेलं नाही. तिने दगड हाताने चाचपले, इकडून तिकडे सरकली, आणि खाली बसली.

"मलाबी आता वळखू येत न्हाई गं."

मग म्हणाली, "तुझा बाप त्या चोरायलाबी विहीर खांदायला लावून राहिला असंल."

मी हसले.

इतक्या वर्षांत किती जणांनी त्याला सांगितलं असेल, मागं येऊ नको. त्याने ऐकलं. स्वप्नातसुद्धा तो येत नाही.

मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी करून आणणार आहे. या हळदीच्या हंगामानंतर, नाहीतर पुढच्या. दिसायला लागलं म्हणून तो ढीग वेगळा होणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तरी एक दिवस तिला वसमतला माझ्याजवळ आणीन, आणि तिच्या डोळ्यांवरची पट्टी माझ्या हाताने सोडीन.