धुरी दिलेल्या दोन खोल्या

माझी शाळा चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं आहे. सांभाळून घ्यावं.

मॅडम स्टुलावर बसून तेच कागद पुन्हा पुन्हा उलटत होत्या. त्यांच्या वरचे साहेब म्हणत होते, उरलेले सगळे उंदीर मारा, काम बंद करा. मी बादली घेऊन दारातच थांबले.

शिरूरजवळच्या एका कंपनीत मी अॅनिमल हाऊसला होते. म्हणजे प्रयोगाचे पांढरे उंदीर ठेवायची जागा. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा. मॅडमचं काम दम्यावर. त्यांनीच मला समजावलं होतं. अॅलर्जीत श्वासनळीच्या पेशींमधला डीएनए नावाचा धागा तुटतो. त्याला रफू करणारी एन्झाइम शरीरात असतात. पण मॅडमना शंका होती, की हे रफू करतानाच सूज वाढते. म्हणून काही उंदीर रफूवाले आणि काही एका एन्झाइमशिवाय जन्मलेले. त्यांतल्या काहींच्या नाकात अॅलर्जी आणणारं औषध, काहींच्या नुसतं मीठपाणी.

तीन खोल्यांपैकी पहिल्या दोन खोल्यांतले उंदीर तपासले, तर पाणीवाल्यांचीही फुप्फुसं सुजलेली. मग तुलना कशाशी करायची? मॅडमचं वर्ष वाया जाणार होतं. तिसऱ्या खोलीत वेगळं काय निघणार, असं साहेबांचं म्हणणं.

मी बादली खाली ठेवली. आमचं घराणं पूर्वी मेंढरं राखायचं. आता राहू गावाला शेती आहे, पण जनावर शिंकलं की आमच्यात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी देतात. उंदीर शिंकत होते. मी दोन दिवस सकाळी, कुणी यायच्या आत, घमेल्यात पाला जाळून फिरवला होता. सांगावं तर नोकरी जाईल असं वाटलं. तरी बोलले.

"मॅडम, म्या धुरी दिलीया. लिंबाची."

साहेब म्हणाले, "आता पिंजऱ्यांना लिंबू-मिरचीपण बांधा, हिराबाई."

मॅडम हसल्या नाहीत. "तिन्ही खोल्यांत?"

"न्हाई. तिसरीला कुलूप हुतं. किल्ली तुमच्यासंगं दौंडला गेलती."

मॅडम उठल्याच. धुरानंही सूज येते, म्हणाल्या. त्याच आठवड्यात तिसरी खोली तपासली. पाणीवाल्यांची फुप्फुसं स्वच्छ निघाली. अॅलर्जीवाल्यांत रफूवाले जास्त सुजलेले, बिनरफूचे कमी. मॅडमनी कागदांवर डोकं टेकलं आणि हसू लागल्या. मी भिंतीला टेकून खाली बसले.

मला काढलं नाही. दोन खोल्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून केलं.

तेव्हापासून रोजच्या फॉर्मवर एक ओळ वाढली: दाणा-पाणी सोडून आज खोलीत काय केलं? बाकीच्या बाया ती कोरी सोडतात. मी रोज लिहिते, "काही नाही."