काथ्याचं वजन

जन्मात पहिल्यांदा स्वतःची बाग मिळालेली बाई हिवाळ्याच्या तयारीला कशी लागते, हे बघायचं असेल तर गेल्या नोव्हेंबरात एडिनबरामध्ये वैजयंती सबनीसच्या घरामागे उभं राहायला हवं होतं.

वैजयंती बस चालवते. डबल डेकर. मूळची मिरजेची. लग्न होऊन राजीवबरोबर इथे आली तेव्हा तिला लुनाखेरीज काही चालवता येत नव्हतं. काही वर्षं एका दुकानाच्या काउंटरवर उभं राहून ती कंटाळली, आणि एक दिवस समोरून चाललेल्या बसच्या पाठीवर ‘ड्रायव्हर पाहिजेत’ असं वाचून तिने सरळ अर्ज टाकला.

“तू? डबल डेकर?” राजीवने विचारलं होतं.

“का? स्टिअरिंग एकच असतं ना?”

आता बर्फातल्या चढावरून बस न्यायची असली की डेपोत आधी तिचं नाव निघतं. इतकी वर्षं दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिली. बाग म्हणजे खिडकीतली कोथिंबीर. मुलगी ईशिता नोकरीसाठी लंडनला गेली आणि गेल्या वसंतात त्यांनी हे छोटं घर घेतलं. मागे चिंचोळी जमीन, टोकाला लाकडी शेड आणि कुंपणापलीकडे मोरॅग नावाची सत्तरीतली निवृत्त नर्स. उन्हाळाभर वैजयंतीने मेथी लावली, बटाटे काढले, डेलियाची फुलं डेपोभर वाटली. आणि बघता बघता पाच वाजायच्या आधीच अंधार पडायला लागला.

नोव्हेंबरातल्या तिच्या एका सुट्टीच्या दिवशी बातम्यांत सांगितलं की शनिवारी वादळ येतंय, आणि मागोमाग कडाक्याची थंडी. वैजयंतीच्या अंगात वारं शिरलं. चहा अर्धा टाकून ती वेलीज, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, चढवून बाहेर.

“सगळं एका दमात उरकते,” तिने राजीवला सांगितलं. राजीव एका पेन्शन कंपनीत काम करतो, बहुतेक दिवस घरूनच. त्याने हेडफोनमधूनच मान हलवली.

आधी डेलिया. खोडं कापून तिने फावडं खाली घातलं, उचललं, आणि मातीतून रताळ्यांसारख्या कंदांचा हा एवढा घोस वर आला. “अगंबाई!” ती ओरडली. एक कंद लावला होता तिने, एकच! दुसरा उपटला तर तो त्याहून मोठा. माती झटकून, कागदात गुंडाळून तिने ते खोक्यात ठेवले. मग पानं. सायकॅमोरच्या झाडाची वाळकी, हाताएवढी पानं तिने ओढून ओढून पोत्यांत भरली आणि पोती शेडजवळ उभी केली.

“थोडी राहू दे की,” कुंपणावरून मोरॅग म्हणाली. “बागेला एवढी इस्त्री करायची नसते.”

“मोरॅग, तुम्ही माझी बस बघा एकदा. चिप्सचा कागद सापडायचा नाही!”

आता शेडमागचा शेवटचा ढीग राहिला होता. तिने पानं ओढायचा पंजा उचलला, आणि ढीग फुस्स करून फुसकारला.

वैजयंतीतली मिरज जागी झाली. “अहो! साप! साप आहे!”

राजीव मीटिंग टाकून हेडफोनसकट धावला. मोरॅग या वयातही कुंपणाच्या मोडक्या फळीतून आत आली, वाकून बघितलं आणि हसत सुटली. “स्कॉटलंडच्या नोव्हेंबरात साप? हेजहॉग आहे गं.”

वैजयंतीने हेजहॉग फक्त ख्रिसमसच्या कार्डांवर पाहिला होता. साळिंदराचं पिल्लू ओंजळीत मावावं तसा तो काटेरी गोळा होता, नारळाच्या काथ्यासारखा तांबूस आणि राठ. मधूनच एक ओलं, काळं नाक बाहेर आलं, हवा हुंगून परत आत गेलं.

“अय्या! अहो, नाक बघा, नाक!”

मोरॅग मात्र गंभीर झाली होती. “उशिरा जन्मलेलं पिल्लू आहे. दिवसा बाहेर दिसणं चांगलं नाही. हिवाळाभर झोपून असतात हे. अंगावर चरबी नसेल तर झोपेल ते, पण उठणार नाही. वजन करायला हवं.”

बागकामाचे हातमोजे घालून राजीवने गोळा उचलला आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवला. “काट्यावर काटे,” तो पुटपुटला. चारशे ग्रॅमसुद्धा भरेना.

मोरॅगने हेजहॉग सांभाळणाऱ्या एका केंद्राला फोन लावून वैजयंतीच्या हातात दिला. पलीकडची बाई थकलेली वाटली. त्यांच्याकडे एकही पिंजरा रिकामा नव्हता. “सहाशेच्या वर जाईपर्यंत तुम्ही घरी सांभाळ—”

“हो!” वैजयंती म्हणाली. वाक्य पुरं व्हायचंच होतं.

दूध नाही, पाव नाही. मांजराचं खाणं, पाणी, उबेला गरम पाण्याची पिशवी, आणि उगाच हाताळायचं नाही. शेडमध्ये मोठ्या खोक्यात वर्तमानपत्रांच्या चिंध्या पसरून त्याची सोय झाली. नाव ठेवायला वेळ लागलाच नाही. राजीव त्याला काथ्या म्हणायला लागला आणि मोरॅगच्या तोंडी त्याचं ‘काट्या’ झालं. तेही बरोबरच होतं.

शनिवारी वादळ आलं तेव्हा वैजयंती ड्यूटीवर होती. वारा बसला बाजूने असे धक्के देत होता की वरच्या मजल्यावरची मुलं जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी किंचाळत होती. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते, पण जीव शेडमधल्या खोक्यात अडकला होता. शिफ्ट संपताच ती धावत घरी आली. मागे पाहते तर मोरॅगकडचं कुंपण आडवं झालेलं, शेडचं दार सताड उघडं आणि आत खोकं नाही.

“अहो! काथ्या कुठाय?”

“श्श!” बाथरूममधून आवाज आला.

राजीव बाथरूममध्ये पाटावर बसला होता. दिवा बंद, दार किलकिलं, समोर खोकं. “ऐक,” तो कुजबुजला. आतून कुर्रम कुर्रम, मधूनच मचमच असा आवाज येत होता. “कुंपण पडल्याबरोबर उचलून आणलं. तेव्हापासून खातोय, वैजू. असा आवाज करतो की पंगतीत जेवणाऱ्या बाबांची आठवण येते.”

ती रेनकोटसकट त्याच्या शेजारी फरशीवर बसली आणि दोघं ते चावणं ऐकत राहिली.

डेपोत ही गोष्ट पोचायला एक टी ब्रेक पुरला. एरवी तिची थट्टा करणारे दांडगे ड्रायव्हर तिच्यासमोर मांजरांच्या खाण्याचे डबे आणून ठेवायला लागले. “आज किती?” हा कँटीनमधला पहिला प्रश्न झाला. आकडा चढला की टेबलं वाजायची. एकदा तो चक्क उतरला. त्या दिवशी वैजयंतीला जेवण गेलं नाही. मोरॅगने येऊन बघितलं, वादळानंतर खोकं परत शेडमध्ये ठेवलं होतं आणि तिथे गारठा वाढला होता. खोकं पुन्हा घरात आलं, गरम पाण्याची पिशवी एकाची दोन झाली, आणि दोन दिवसांत काथ्याने बुडालेलं सगळं भरून काढलं.

ज्या सकाळी वजनकाट्याने सहाशेचा आकडा ओलांडला, त्या सकाळी वैजयंतीने अशी आरोळी ठोकली की मोरॅग ड्रेसिंग गाऊनवर बाहेर आली.

आता घर हवं. पडलेल्या कुंपणाच्या फळ्या होत्याच. राजीवने त्या कापल्या, मोरॅगने खिळे ठोकले, आणि हॉलीच्या झुडपाखाली बसकं लाकडी घर उभं राहिलं. पुढे काथ्या जेमतेम शिरेल एवढं भोक, पाठीमागे भिंत.

“बिछान्याला कोरडी पानं लागतील,” मोरॅग म्हणाली. “खूप.”

वैजयंतीने शेडकडे पाहिलं. पोती कौन्सिलच्या गाडीला द्यायची राहून गेली होती! ती धावली, पोतं उलटं केलं, आतली कोरडी पानं वेचून वेचून घरापाशी टाकली. चकचकीत बाग पुन्हा पानांनी भरून गेली. मोरॅग नुसती हसली.

हवा जरा निवळली तेव्हा, चार वाजताच्या काळोखात त्यांनी खोकं हॉलीखाली आडवं केलं. काथ्या बाहेर आला, नाक वर करून उभा राहिला, आणि दुडुदुडु धावत घरावरून पुढे निघून गेला.

“अरे, इकडे! घर इकडे आहे!” वैजयंती कुजबुजत ओरडली. पण तो अंधारात गेला तो गेलाच.

पुढचे काही दिवस ताटली सकाळी रिकामी असायची, एवढाच दिलासा. पण ती मांजरानेही चाटली असेल, नाही तर कोल्ह्याने. मग डिसेंबरातला पहिला कडक फ्रॉस्ट पडला. गवत पांढरं झालं, बादलीतल्या पाण्यावर काच धरली. सकाळी ताटलीतलं खाणं जसंच्या तसं होतं.

ती गुडघ्यांवर बसून लाकडी घरापाशी वाकली. भोक दिसेना. हाताने चाचपलं तर तिथे पानं. बाहेरून उडून आलेली नव्हती. एकावर एक रचून, दाबून, आतल्या बाजूने घट्ट बसवलेली होती. बाहेर टाकलेला पानांचा ढीगही निम्म्यावर आला होता. त्याने तोंडाने ओढून ओढून सगळा बिछाना आत नेला होता आणि मग स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं होतं.

ती उठली ती मोज्यांवरच पळत सुटली. बाहेर येताना वेलीज घालायचं भानच राहिलं नव्हतं. पडलेल्या कुंपणावरून मोरॅगच्या दारात, तिथून तिचा हात धरून परत. राजीव चहाचा कप घेऊन मागल्या दारात आला होता.

“झोपलाय! अहो, आत झोपलाय तो!”

“हळू!” मोरॅग म्हणाली. “उठवशील त्याला.”

मग काय करणार? पांढऱ्या पडलेल्या गवतात वैजयंतीने मोरॅगचे दोन्ही हात धरले, आणि त्या दोघी तोंडातून अवाक्षर न काढता, वाफा सोडत, गरागरा फुगडी खेळायला लागल्या.