एका वेळेच्या दोन नोंदी

माझी वहिनी प्रोजेक्ट मॅनेजर. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा आईला ते काम काही कळेना. "म्हणजे तू नेमकं करतेस काय?" आईनं विचारलं. "काम दुसरे करतात, आई. ते बिघडलं की बोलणी मी खाते," वहिनी म्हणाली.

तिच्या कंपनीनं शहरातल्या विद्युतदाहिनीची वेळ घरबसल्या नोंदवायची सिस्टीम केली होती. दुःखातल्या माणसांची पायपीट वाचली. वहिनीचं कौतुकही झालं. पण सिस्टीममध्ये एक खोट राहून गेली होती. दोन घरांनी अगदी एकाच क्षणी एकच वेळ मागितली, तर ती दोघांनाही मिळायची. दोघांच्याही फोनवर 'नोंद झाली' असा मेसेज जायचा.

हे वहिनीला माहीत होतं, तिच्या साहेबांना माहीत होतं, आणि ज्यानं ती सिस्टीम लिहिली त्या प्रोग्रामरला तर होतंच. मीटिंगमध्ये ठरलं, असं क्वचितच होतं, चालत्या सिस्टीमला आत्ता हात नको, पुढच्या मोठ्या बदलात बघू. तोवर स्मशानभूमीतला कारकून रोज नोंदी चाळेल आणि दुहेरी दिसली की एका घरी फोन करून वेळ बदलून देईल. वहिनीनं ही अडचण करायच्या दुरुस्त्यांच्या यादीत टाकली, तीही पार तळाला. मोठा बदल पुढे ढकलला गेला, मग आणखी पुढे. कारकून बिचारा निमूटपणे फोन करत राहिला. त्याची कधी कुरकुर नाही, त्यामुळे अडचण आहे हेच सगळे विसरून गेले.

मग कारकून आजारी पडला. त्याच्या जागी आलेल्या माणसाला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

एका दुपारी वहिनीला स्मशानभूमीतून फोन आला आणि मीच तिला स्कूटरवरून तिकडे घेऊन गेलो. फाटकात दोन शववाहिका एकीमागे एक उभ्या होत्या. दोन घरांतली माणसं एकमेकांच्या तोंडासमोर फोन नाचवत होती. "आमची नोंद आहे!" "मग ही काय आहे?" एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. बदली कारकून दोन्ही फोन आळीपाळीनं बघत होता. शेवटी एक म्हातारी बाई पुढे आली. "जाऊ द्या त्यांना आधी. त्यांचा पोरगा गेलाय. माझ्या माणसाचं वय झालं होतं."

ती बाकावर जाऊन बसली. वहिनी तिच्या शेजारी बसली.

"आजी, ही सिस्टीम मी बघते. चूक आमची आहे."

"असू दे गं. मशीनला काय कळतंय?"

वहिनीला तिथंच थांबता आलं असतं. पण ती म्हणाली, "मशीनची नाही, आजी. असं होतं हे आम्हाला माहीत होतं."

आजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "माहीत होतं? मग मला का नाही कळवलंत? आजचीच वेळ मिळाली म्हणून घाई केली मी. उद्याची दिली असतीत तर परगावाहून लेक पोचली असती माझी."

आजींनी तोंड फिरवलं, ते पुन्हा तिच्याकडे केलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी मागण्या घेऊन साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. दुरुस्ती होईपर्यंत फोनवर खात्री केल्याशिवाय नोंद पक्की धरायची नाही, आणि तसं लोकांना नोंदवतानाच स्पष्ट सांगायचं. फोन करायला एक नाही, दोन माणसं. यादीतल्या प्रत्येक अडचणीपुढे कुणाचं तरी नाव आणि तारीख.

"लोकांना सांगायचं?" साहेब म्हणाले. "कच्चं काम दिलंत म्हणतील."

"कच्चंच दिलंय, साहेब. आणि ज्या अडचणीला वालीच नाही, ती आपल्याला माहीत आहे असं कसं म्हणायचं? ती आपण पुरून ठेवलीय."

साहेबांनी कुरकुरत मान्य केलं. प्रोग्रामर कामाला बसला. दुरुस्तीला आठवडासुद्धा लागला नाही. वहिनीच्या जिव्हारी लागलं ते हेच. त्या दिवशी ती घरी येऊन चपला न काढताच बसून राहिली.

पुढे ग्राहकाकडून, म्हणजे महापालिकेकडून, तक्रार आली, 'लोकांना दिलेल्या तुमच्या त्या सूचनेनं आमची बदनामी झाली.' वहिनीला त्या कामावरून काढून पार्किंगच्या सिस्टीमवर टाकलं. तिच्या जागी आलेल्यानं यादीतली नावं आणि तारखा पुसल्या, म्हणे उगाच लोकांवर दडपण येतं.

"सोड ना ती नोकरी," दादा एकदा जेवताना म्हणाला.

"सोडून जाऊ कुठे? जिथे जाईन तिथे अशी यादी असणारच," ती म्हणाली. "आणि त्या आजी भेटेपर्यंत मी तरी ती कुठे नीट वाचली होती?"

दादा काहीतरी समजुतीचं बोलायला गेला. तिनं त्याच्या ताटात भात वाढला आणि उठून आत गेली.